नंबर गावाकडे, मी इकडे

फोनचा मला राग येतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कोणी म्हणायला नको की ज्याच्या जिवावर परदेशात दिवस काढले त्याच्याविषयी हा माणूस असं कसं लिहितो. त्याच्याच जिवावर काढले म्हणून तर राग आहे. ज्या बैलावाचून नांगर चालत नाही त्यालाच शेतकरी सगळ्यात जास्त शिव्या देतो. फरक इतकाच की बैलाला पोळ्याच्या दिवशी पुरणपोळी मिळते. फोनला मी ती देणार नाही.

मी भंडारा जिल्ह्यातला, तुमसरच्या बाजूच्या एका खेड्यातला. शाळा आठवीत सोडली आणि राईस मिलमध्ये पोती शिवायला लागलो. आता आखातातल्या एका गोदामात तांदळाच्याच पिशव्या भरतो. धानाच्या मुलखातला माणूस समुद्र ओलांडून तांदूळच भरायला गेला, यावरून बायको मला अजून टोमणे मारते. ‘इतक्या दूर जाऊन भातच खाता ना,’ म्हणते. भातच खातो. तोही आपल्याकडचा नाही, लांब दाण्याचा, सुटासुटा, हाताने कालवला तर बोटांना धरत नाही.

निघायच्या आधी तुमसरला एका दुकानाच्या माळ्यावर आम्हा सगळ्या जाणाऱ्यांना बसवलं होतं. आम्हाला पाठवणाऱ्या एजंटाचा एक माणूस आला आणि एकेकाचा तिकडे न्यायचा नवा फोन हातात घेऊन त्यात अ‍ॅप टाकत गेला. नकाशाचं, भाषांतराचं, तिकडच्या बसचं, कंपनीच्या हजेरीचं, तिकडच्या सरकारी ओळखपत्राचं. हे नसेल तर तिकडे तुम्ही मुके आणि आंधळे, असं तो म्हणाला. ते खरं निघालं. पण त्याने ते ज्या तोंडाने सांगितलं, ते तोंड मला अजून आठवतं. वर बघायचा नाही, फक्त ‘नंबर बोल’ म्हणायचा. मी माझा नंबर बोललो. प्रत्येक अ‍ॅपला तोच.

आता तो नंबर म्हणजे काय ते सांगायला हवं. रेशन कार्डावर तोच, गॅसच्या बुकिंगला तोच, बँकेत तोच, मुलीच्या शाळेत तोच. आमच्याकडे नंबर फोनचा नसतो, घराचा असतो. गावातला जो कोणी बाहेर कमवायला गेला, नागपूरला जावो की सुरतेला, त्याने आपलं सिम घरी ठेवलं आणि जिथे गेला तिथे नवीन घेतलं. त्यात विचार करण्यासारखं कोणाला काही वाटत नाही. मी निघालो तेव्हा माझ्या बापाने तेच सांगितलं.

‘नंबर घरीच राहू दे. मानूस बाहीर गेला तरी घर लागलं पायजे.’

मी सिम आणि जुना फोन बायकोच्या हातात दिला आणि विमानात बसलो. नव्या फोनमध्ये सगळी अ‍ॅप उघडीच होती. ती कोणाच्या नंबरवर उघडी आहेत, हे मी कधी पाहिलं नाही. दार उघडं असलं की किल्ली कुठे आहे हे कोण बघतं?

इकडे आल्यावर मी त्या अ‍ॅपांचा गुलाम झालो. गावात रस्ता विचारला तर माणूस आधी तुमचं आडनाव विचारतो, मग कोणाकडे जायचं ते, मग त्या घराशी आपलं काय भांडण आहे ते सांगतो, आणि शेवटी हात दाखवतो. इकडे एक निळा ठिपका आहे. तो मीच, म्हणे. पहिल्या सुट्टीच्या दिवशी भाजी आणायला त्या ठिपक्यामागे गेलो, तर त्याने मला मोठ्या रस्त्याच्या कडेला नेऊन उभं केलं. पलीकडे दुकान दिसत होतं, मध्ये गाड्या, आणि ओलांडायला जागाच नाही. ठिपका म्हणत होता, पोचलात. डोक्यावर ऊन असं की पाय चपलेत भाजत होते. मी तिथे उभा राहून फोनला आमच्या बोलीत ज्या शिव्या दिल्या, त्या भाषांतराच्या अ‍ॅपला येत नसाव्यात.

त्या भाषांतराच्या अ‍ॅपचा तर वेगळाच त्रास. मी चिडून बोललो तरी ते गोड बाईच्या आवाजात सांगतं. एकदा खोलीत पाणी येत नव्हतं म्हणून इमारतीच्या वॉचमनशी भांडायला गेलो. मी फोनमध्ये ओरडलो. फोन त्याला अदबीने काहीतरी म्हणाला. वॉचमन हसला आणि मला खजूर दिला. पाणी आलं नाही.

माझ्या शेजारच्या पलंगावर बालाघाटचा एक जण झोपतो. बालाघाट म्हणजे आमच्या जिल्ह्याला लागूनच, फक्त राज्य वेगळं. त्याला फोनमधलं सगळं येतं. मदत करतो, नाही असं नाही. पण आधी फोन हातात घेऊन खोलीतल्या सगळ्यांना दाखवतो की या माणसाने काय करून ठेवलं आहे, आणि मग दुरुस्त करतो. त्याचे उपकार माझ्यावर बरेच आहेत. त्यातला एकही मला गोड लागलेला नाही.

इकडे आल्यावर पहिल्याच वर्षी बाप गेला. मला जाता आलं नाही, पासपोर्ट कंपनीकडे आणि रजा नाही. जे व्हिडिओ कॉलचं अ‍ॅप गावात सगळे वापरतात, ते इकडे चालत नाही. बालाघाटवाल्याने दुसरं कुठलं तरी टाकून दिलं. गावाकडे आमच्या शेतात ट्रॅक्टर चालवणारा एक ओळखीचा माणूस आहे, त्याने नदीवर फोन धरला. मला बापाची तिरडी दिसली, लोकांचे पाय दिसले, आणि मग चित्र थांबलं. त्यांच्याकडे माझं चित्र थांबलं होतं, तेही तोंड अर्धवट उघडं असलेलं. माझ्या काकूने, म्हणजे बापाच्या धाकट्या भावाच्या बायकोने, ते पाहिलं आणि ट्रॅक्टरवाल्याच्या हातातला फोन पालथा केला. आमचं आणि तिचं घर एका भिंतीचं. पण त्या दिवसापासून ती माझ्याशी बोलली नाही. बायकोच्या फोनवर मी आहे असं कळलं की उठून विहिरीवर जायची.

ही काकू रोवणीच्या बायांची प्रमुख आहे. आषाढ-श्रावणात ती बायांची टोळी घेऊन ठरावीक रकमेच्या गुत्त्यावर काम धरते, आणि माझी बायको त्यात असते. बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, चिखल करून झाला की बाया एका ओळीत वाकतात आणि पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, खोचत मागे मागे सरकतात. एकीने ओळ सोडली की तिथे मोकळी पट्टी पडते आणि सगळ्यांना थांबावं लागतं. म्हणून काकूचा एक नियम आहे. सगळ्यांचे फोन एका प्लास्टिकच्या पिशवीत जातात आणि ती पिशवी शेताच्या कडेच्या धुऱ्यावरच्या पळसाला टांगली जाते. एका वर्षी एका बाईचा फोन कमरेतून चिखलात पडला, बायांनी त्याच्यावरून रोवून टाकलं, आणि तो धान कापताना सापडला. नियमाचं एक कारण ते. दुसरं कारण मी. ‘इचा नवरा रोवणीत बी सुखानं वाकू देत नाई,’ असं काकू सगळ्यांदेखत म्हणायची, असं बायकोनेच मला सांगितलं.

आता तो दिवस, ऐन रोवणीतला. आमच्या राहण्याच्या परवान्याची मुदत संपत आली होती. सुपरवायझरने सांगून ठेवलं होतं की उद्या बस सरकारी कचेरीत नेईल, खिडकीवर जायच्या आधी प्रत्येकाने फोनमध्ये ओळखपत्र उघडून दाखवायचं, ज्याचं उघडलं नाही तो राहिला. राहिला म्हणजे परवाना संपला, आणि परवाना संपला म्हणजे कंपनी घरी पाठवणार. ‘बाद में मेरे पास आके रोना मत,’ हे शेवटचं वाक्य त्याने माझ्याकडे बघून म्हटलं. खोलीत सगळ्यात आधी कोण घाबरतो हे त्याला माहीत होतं.

घरी जायला मला आवडलं असतं, हे खोटं नाही. पण पाठवलेला म्हणून नाही. आमच्या गावात परत पाठवलेल्या माणसाला लोक पाणी देतात, पण पेला हातात देताना विचारतात, काहून पाठवलं? आणि बापामागे घरात कमवणारा मी एकटा.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये बसल्यावर अ‍ॅप उघडलं, तर ते नवीन झालेलं. आतलं सगळं गेलं होतं आणि मध्ये एकच चौकट होती, नंबर टाका. मी इकडचा नंबर टाकला. असा माणूस नाही, असं ते म्हणालं. पुन्हा टाकला, पुन्हा तेच. बालाघाटवाल्याने फोन ओढून घेतला, दोन ठिकाणी बोट लावलं आणि म्हणाला, ‘तेरा तो इंडिया का नंबर डला है, राजा.’ तो टाकला. कोड पाठवला आहे, असं आलं, आणि खाली त्या नंबरचे शेवटचे दोन आकडे. गर्दीत अचानक आपल्या गावचा माणूस दिसावा तसे ते आकडे मला दिसले. मग लक्षात आलं की हा कोड आता कुठे जाऊन पडला आहे. पळसाला टांगलेल्या पिशवीत.

बायकोला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. बालाघाटवाला मागच्या सीटवाल्यांना ऐकू जाईल असं म्हणाला की भाभी कशाला उचलेल, तिला माहीत आहे तूच असशील. सगळे हसले. कचेरी आली. लोक उतरून रांगेत लागले. सुपरवायझरने मला बाजूला काढलं आणि म्हणाला, सब का होने तक टाइम है तेरे पास.

तेव्हा मला ट्रॅक्टरवाला आठवला. बाया एका बांधीत रोवत असतील तर तो पुढच्या बांधीत चिखल करत असणार, आणि त्याचा फोन कायम त्याच्या कानाला. लावला. त्याने उचलला, मागे ट्रॅक्टरची घरघर.

‘बोल भाऊ, जल्दी बोल, चिखल करून राहिलो.’

मी सांगितलं. त्याला किती कळलं देव जाणे, पण त्याने ट्रॅक्टर बंद केला.

तिकडे पुढे काय झालं ते बायकोने नंतर सांगितलं. चिखल चालू असताना ट्रॅक्टर मध्येच बंद होतो तो कोणी मेल्यावरच. घरघर थांबली तशी सगळी ओळ वाकल्याजागी थांबली. ट्रॅक्टरवाला धुऱ्यावरून माझं नाव घेत पळत आला, आणि बायको जिथे होती तिथेच चिखलात बसली. फोनात आलेले आकडे पाहिजेत, एवढं ट्रॅक्टरवाल्याने धापा टाकत सांगितलं. काकू धुऱ्यावर पऱ्ह्याच्या पेंड्या सोडत होती. तिने पिशवी काढली आणि बायकोकडे न बघता म्हणाली, ‘ओळ सोडू नको. मी हाव ना.’

फोन निघाला, पण उघडेना. बायकोने त्याला बोट फिरवून उघडायची खूण लावली होती. काकू फोन घेऊन तिच्याजवळ चिखलात उतरली. बायकोचं बोट चिखलाचं. बांधीच्या पाण्यात धुतलं, तर तेही पाणी चिखलाचंच. काकूने आपल्या पदराने पुसलं. बोट ओलं, स्क्रीन हलेना. शेवटी बायको वाकली आणि तिने नाकाने ती खूण काढली. फोन उघडला. बाया इतक्या हसल्या की दोघीतिघींच्या हातातल्या पेंड्या सुटल्या. काकू हसली नाही.

एवढ्यात माझा पहिला कोड मेला होता. दुसरा मागवला. अ‍ॅपने मला गोड शब्दांत कळवलं की हा चुकला तर उद्या प्रयत्न करा. उद्या! उद्या बस नव्हती.

ट्रॅक्टरवाल्याच्या फोनवर आवाज बदलला. आधी नुसता श्वास ऐकू आला, मोठा, चिखलातून चालून आलेल्या माणसाचा.

‘कोन? तूच हायस काय?’

‘हो काकू.’

‘जिता हायस.’

‘हो.’

‘मंग लिव. चार.’

मी चार टाकला.

‘नऊ. बापाच्या मयतीले फोनात आला, थो बी अडकला. एक.’

मी टाकत होतो. माझ्या समोरची रांग सरकत होती.

‘तेरवी तुह्या बायकोनं एकटीनं काढली. अख्खा गाव जेवून गेला आन इच्यासाठी भात नाई उरला. तुले सांगतलं काय तिनं? सात.’

सांगितलं नव्हतं. सुपरवायझर काचेवर बोटं वाजवत होता. मी म्हणालो, काकू, जल्दी सांगा ना, टाइम जाऊन राहिला.

‘मले टाइम सांगतोस? इथं पऱ्हे वाळून राहिले, बाया वाकून हायेत. शून्य.’

आणि ती थांबली. एक आकडा राहिला होता. मला वाटलं फोन कटला.

‘काकू?’

‘येशील का नाई, थे सांग आधी.’

त्या एका क्षणात माझ्या मनात जे आलं ते कोणाला सांगितलं नव्हतं, इथे लिहितो. मनात आलं, काकू, तुम्ही हा आकडा दिला नाही ना, तर मी याच महिन्यात येतो. कंपनीच आणून सोडते. हे तिला माहीत नव्हतं. मला माहीत होतं.

‘दिवाळीले येतो,’ मी म्हणालो.

‘खोटं बोलतोस,’ ती म्हणाली. ‘सहा.’

ओळखपत्र उघडलं. त्यातला माझा फोटो तुमसरचा, केसांना तेल लावलेला. सुपरवायझरने पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मला हाताने आत ढकललं. फोनमध्ये काकूचा आवाज अजून येत होता, पण तो माझ्यासाठी नव्हता. ‘हासता काय गं, वाका,’ असं ती बायांना म्हणत होती.

परवाना झाला. त्या संध्याकाळी बालाघाटवाल्याने माझ्या फोनमधल्या एकेका अ‍ॅपमध्ये इकडचा नंबर टाकला. प्रत्येक वेळी खोलीला नव्याने सांगितलं की हा माणूस आपली किल्ली झाडाला टांगून आला होता. मी त्याला चहा पाजला. मनात शिव्या दिल्या आणि चहा पाजला, दोन्ही खरं आहे.

बायकोने मला पुढची गोष्ट बऱ्याच दिवसांनी सांगितली. त्या दिवशी शेतातून घरी येताना काकूने तिला विचारलं होतं की मी थो नंबर नसता देल्ला तं काय झालं असतं? बायको सरळ आहे. म्हणाली, परत पाठवलं असतं त्यायले. काकू चालत राहिली. घराच्या फाटकापाशी आल्यावर म्हणाली, ‘म्हंजे माह्याच तोंडानं ठेवला मी त्याले तिकडं.’ आणि फाटक लावून घेतलं.

हे ऐकल्यावर मला फोन फेकून द्यावासा वाटला. फेकला नाही. कामावर जायला बस लागते आणि बसचं तिकीट त्यातच.

नंबर बदलल्याचा राग बायकोला आला, तो वेगळाच. मला माहीत नव्हतं, पण अधूनमधून कुठलं तरी अ‍ॅप त्या जुन्या नंबरवर काहीतरी पाठवायचं. हजेरी लागली, बसमध्ये चढलात, असलं काही. इंग्रजीत असायचं, तिला वाचता येत नव्हतं. पण आलं की तिला कळायचं की मी उठलो आहे, कामाला निघालो आहे. मी कधी विचारलं नाही म्हणून तिने कधी सांगितलं नाही. ‘आता तुमी फोन कराल तवाच असता,’ ती म्हणाली. ‘बाकी टायमाले नाई.’

मी बसचं अ‍ॅप पुन्हा गावच्या नंबरवर टाकलं. स्वतः टाकलं, बालाघाटवाल्याला न विचारता. रोज सकाळी ती शेतावर निघायच्या आधी मी त्या अ‍ॅपमधून मुद्दाम बाहेर पडायचो आणि पुन्हा आत जायला कोड मागवायचो. कोड तिकडे वाजायचा. ती आकडे वाचून माझ्याकडे आवाज पाठवायची, मी आत जायचो, बस पकडायचो. वेड्यासारखं काम आहे, कबूल. पण फोन माझ्याकडून एवढी कामं करून घेतो, एक मी त्याच्याकडून घेतलं.

बायको म्हणाली, काकू रोज पिशवी बांधायच्या आधी विचारते, आला का थो? आला म्हटलं की मग पिशवी टांगते.

रोवणी संपत आली होती तेव्हा एकदा मला ताप भरला आणि मी कामावर गेलो नाही. झोपून राहिलो. कोड मागवला नाही. तिकडे काकूने विचारलं, बायको नाही म्हणाली. त्या दिवशी काकूने आपलाच नियम मोडला. बायकोचा फोन पिशवीत टाकला नाही, कमरेला खोचून रोव म्हणाली, वाजला तं उचल. दुपारून मी फोन लावला. बायको दचकून सरळ झाली, आणि फोन चिखलात गेला.

बायांनी चिखल चाचपून काढला, सापडला, पण बंद पडलेला. याचं खापर अर्थातच माझ्यावर फुटलं. सिम मात्र शाबूत होतं. नवीन फोन येईपर्यंत म्हणून काकूने ते आपल्या फोनच्या दुसऱ्या खणात घातलं. नवीन फोन आला, पण त्यात सिम काही गेलं नाही. काकू देत नाही. बायकोने आपल्यासाठी दुसरा नंबर घेतला.

म्हणून आता घरचा नंबर लावला की काकू उचलते. कसा आहेस, बरा आहेस का, काही नाही.

‘बोल, काय पायजे?’

काही नाही काकू, म्हणतो मी.

‘मंग कायले लावलास?’

असं विचारते. पण फोन मी ठेवल्याशिवाय ती ठेवत नाही.